खेळयंत्राचा घरगुती रिमोट



इंदुरात सकाळी दाराशी येणारी कचरागाडी सहा प्रकारचा कचरा वेगवेगळा घेते. ओला, सुका, प्लॅस्टिकचा, आरोग्यविषयक आणि घरगुती घातक असे पाच; सहावा प्रकार विजेच्या व इलेक्ट्रॉनिक जिनसांचा. २०१७ सालापासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हे शहर अग्रभागी राहत आले, त्यामागे या काटेकोर वर्गवारीचा वाटा मोठा आहे आणि तिचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु वर्गवारी उत्तम झाली म्हणजे टाकलेली वस्तू टाकण्याजोगीच होती असे काही सिद्ध होत नाही. त्या सहाव्या कप्प्यात पुष्कळदा अशी वस्तू जाऊन पडते, की जिच्या नव्याण्णव भागांत काहीही बिघाड नसतो आणि शंभरावा भाग थोडक्या पैशांत घरी करता येण्यासारखा असतो. अशाच एका वस्तूविषयी आज मला बोलावयाचे आहे.

१९९० नंतरच्या दहा-बारा वर्षांत ज्यांच्या घरी मुले वाढली, त्यांना ही वस्तू चांगली ओळखीची आहे. दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे ते खेळयंत्र. घरात त्याला नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हणत. सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशी नावे त्यावर असत. वरच्या खाचेत ‘कॅसेट’ बसवावयाची (ती खरे पाहता कॅसेट नव्हे, आत फीत नसतेच, पण नाव रूढ झाले ते झालेच), चित्र उमटले नाही तर ती काढून तिच्यावर फुंकर मारावयाची, आणि मग दोन मुलांनी दोन ‘रिमोट’ हातांत घेऊन मारिओला खड्ड्यांवरून उडवावयाचे अगर काँट्राच्या जंगलात गोळ्या झाडावयाच्या. रिमोट हा शब्दही तसा चुकीचाच, कारण त्याला चांगली लांब तार असे आणि दोन भावंडांतल्या निम्म्या भांडणांचे मूळ त्या तारेतच असे. तरी मीही आज तोच शब्द वापरणार आहे. नियंत्रक म्हटले की ती वस्तू आपल्या घरातली वाटेनाशी होते.

या यंत्रांचा मूळपुरुष जपानातला. क्योतो शहरातील निन्टेंडो ही १८८९ साली पत्त्यांच्या धंद्यात सुरू झालेली कंपनी. तिने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ नावाचे खेळयंत्र बाजारात आणले. मासायुकी उएमुरा यांच्या देखरेखीखाली ते तयार झाले होते. त्याच्या नकला पुढे आशियाभर निघाल्या, आणि आपल्याकडे जी यंत्रे घरोघर पोचली त्यांतील बहुतेक या नकलांपैकीच होती. नक्कल म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. आतली मांडणी कोणी कशीही केलेली असो, बटणांशी बोलण्याची रीत मूळ यंत्राचीच ठेवावी लागे. नाही तर मूळ यंत्रासाठी लिहिलेले खेळ त्यावर चाललेच नसते. आपल्या आजच्या सगळ्या खटाटोपाला आधार आहे तो एवढाच.

आता, ही यंत्रे सहसा मरत नाहीत. मरतो तो रिमोट. त्याच्या दुखण्याची कारणे तीन. तार ज्या जागी पेटीत शिरते तिथे ती सतत दुमडली जाते आणि आतले केसासारखे तांब्याचे धागे एकेक करून तुटतात. दुसरे कारण बटणांखालच्या रबरी टोपीत असते. तिच्या पोटाशी कार्बनची एक काळी टिकली बसवलेली असते. बटण दाबले की ती खालच्या पाटीवरील दोन पट्ट्यांना एकदम टेकते आणि त्यांना जोडते. वर्षानुवर्षांच्या दाबाने टिकली झिजते, घामाने व धुळीने पट्ट्या मळतात. हे दोन्ही रोग बरे होणारे आहेत. तार दोन इंच कापून टाकून नव्याने डाख द्यावा. पट्ट्या मऊ खोडरबराने हलकेच पुसाव्यात. इतक्याने भागले तर नवा रिमोट करण्याच्या भरीस पडू नये. तिसरा रोग मात्र असाध्य म्हणावा लागेल. पाटीवर काळ्या लाखेचा थेंब सांडल्यासारखा एक गोळा दिसतो, त्याखाली रिमोटचा मेंदू पुरलेला असतो. त्यावर नाव नाही, क्रमांक नाही. तो गेला तर दुसरा मागावयाचा कोणत्या नावाने?

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ म्हणजे दुरुस्तीचा हक्क या नावाचे संकेतस्थळ सुरू केले. मालाची दुरुस्ती आणि सुटे भाग यांची माहिती कंपन्यांकडून ग्राहकाला एका जागी मिळावी, हा त्यामागचा हेतू चांगला आहे. पण ज्या वस्तूच्या खोक्यावर कर्त्याचा धड पत्ताही नसे, तिच्या मालकाने हा हक्क कोणापुढे मांडावा? त्याने स्वतः हात चालवावा हेच बरे. आणि या शहराला ते नवीन नाही. हुकुमचंद, माळवा, स्वदेशी या गिरण्यांचे भोंगे जेव्हा इथे वाजत होते, तेव्हा विलायती यंत्राचा एखादा दाता मोडला म्हणून बोट येईपर्यंत माग उभा ठेवणे कोणाला परवडण्यासारखे नव्हते.

तर मग हा रिमोट असतो तरी काय? यंत्राच्या बाजूने पाहिले तर उत्तर फार सोपे आहे. यंत्र काही प्रश्न विचारते. त्यांची उत्तरे ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या वेळी जो देईल तो रिमोट. प्रश्न आठच आहेत. ‘ए’ दाबले आहे काय? ‘बी’? ‘सिलेक्ट’? ‘स्टार्ट’? मग वर, खाली, डावे, उजवे. हा क्रम कधी बदलत नाही. आपल्याकडील पाल पद्धतीच्या दूरचित्रवाणी संचांवर सेकंदास पन्नास चित्रे उमटतात आणि साधारणपणे प्रत्येक चित्रामागे एकदा ही प्रश्नावली होते. म्हणजे आपण नुसते रिमोट हातात धरून बसलो असलो तरी यंत्र सेकंदाला चारशे प्रश्न विचारीत असते!

आठ बटणांना आठ तारा ओढल्या असत्या तरी हे काम झाले असते. अमेरिकेतील अटारी कंपनीच्या १९७७ सालच्या यंत्राची दांडी अशीच होती: प्रत्येक दिशेला एक स्वतंत्र तार. निन्टेंडोने मात्र पाच तारांत भागवले. एक तार पाच व्होल्टची, एक जमिनीची म्हणजे शून्याची, आणि उरलेल्या तिन्ही संभाषणाच्या. पहिलीला ‘लॅच’ म्हणतात. शाळेतल्या मास्तरांनी हजेरी घेण्यापूर्वी ‘जागच्या जागी बसा’ म्हणून दरडावावे तसे ते काम आहे. त्या क्षणी जी बटणे दाबलेली असतील ती तशीच नोंदली जातात. दुसरी तार ‘क्लॉक’. तिच्यावरून यंत्र एकेक टिचकी मारते आणि प्रत्येक टिचकीसरशी पुढच्या बटणाची पाळी येते. तिसरी ‘डेटा’. तिच्यावरून उत्तर परत जाते. यात एक गंमत आहे. दाबलेल्या बटणाचे उत्तर शून्य व्होल्ट असे येते आणि न दाबलेल्याचे पाच. या हजेरीत ‘हजर’ म्हणणारा गप्प राहतो आणि गैरहजर मोठ्याने ओ देतो, असे म्हणा ना.

हे नोंदण्याचे आणि एकेक करून सांगण्याचे काम मूळ रिमोटमध्ये ‘४०२१’ या क्रमांकाची आय.सी. करीत असे. ही काही खेळासाठी मुद्दाम बनवलेली चीज नव्हे. अमेरिकेतील आर.सी.ए. कंपनीने १९६८ साली सुरू केलेल्या ४००० मालिकेतील ती एक साधी सोळा पायांची आय.सी. आहे, आणि ती आजही तयार होते. काळ्या लाखेखाली जे निनावी पुरून ठेवले होते त्याचे काम करणारी वस्तू अशी नावानिशी दुकानात मिळते, हे कळल्यावर निम्मे काम झालेच म्हणावयाचे. महाराणी रोडवरच्या दुकानांत जाऊन पुढील यादी सांगावी: एक ४०२१, तिला बसवावयाचा सोळा पिनांचा सॉकेट, दहा किलोओहमचे आठ रेझिस्टन्स, एक किलोओहमचा एक, पॉइंट वन मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर, हाताएवढी झिरो पीसीबी, आणि बटणे. बटणांविषयी पुढे सांगतो, कारण खरा प्रश्न तिथेच आहे.

कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या श्रोत्यांसाठी जोडणी सावकाश सांगतो. आय.सी.ची खाच वर येईल अशी ती धरावी. डावीकडचा सर्वांत वरचा पाय १, तेथून खाली ८ पर्यंत. मग उजवीकडे सर्वांत खालचा ९, तेथून वर चढत १६. पाय १६ ला पाच व्होल्ट, पाय ८ ला जमीन. या दोहोंच्या मध्ये कंडेन्सर. पाय ९ ला लॅच, १० ला क्लॉक, ३ मधून डेटा बाहेर. पाय ११ ही जमिनीला. आता बटणे: पाय १ ला ए, १५ ला बी, १४ ला सिलेक्ट, १३ ला स्टार्ट, ४ ला वर, ५ ला खाली, ६ ला डावे, ७ ला उजवे. प्रत्येक बटणाचे दुसरे टोक जमिनीला. आणि या आठही पायांपासून पाच व्होल्टपर्यंत दहा किलोओहमचा एकेक रेझिस्टन्स.

हे आठ रेझिस्टन्स पाहून पुष्कळांना वाटते की हा उगाच पसारा आहे; बटण न दाबले तर पाय मोकळाच राहणार, मग त्याला बांधावयाचा कशाला? तसे करून पाहावे. या जातीच्या आय.सी.चा मोकळा पाय आकाशकांडीसारखा वागतो. पेटीजवळून नुसता हात फिरवला तरी मारिओ आपोआप उड्या मारू लागतो, आणि घरातल्या लहान मुलांना तो चमत्कार वाटतो. रेझिस्टन्स हा त्या पायाला ‘तुला कोणी दाबले नाही, तू पाच व्होल्टवरच थांब’ असे सांगणारा आहे. दुसरे म्हणजे या आय.सी.ला कपड्यांच्या घर्षणातून येणारी स्थिर वीज सोसत नाही. माळव्यातल्या कोरड्या थंडीत टेरिकॉटचा सदरा घालून तिला हात लावण्यापूर्वी नळाच्या धातूच्या तोटीला बोट लावावे. डाख सॉकेटला द्यावा आणि आय.सी. सर्वांत शेवटी बसवावी.

या कामातला खरा धोक्याचा टप्पा मात्र तारा ओळखण्याचा आहे. नकली यंत्रांत रंगांचा काही नेम नसतो. एकाची लाल तार पाच व्होल्टची, तर दुसऱ्याची लाल तार डेटाची. शिवाय कित्येक यंत्रांच्या रिमोटला नऊ पिनांचा प्लग असतो. तो दिसावयास अगदी अटारीच्या दांडीच्या किंवा सेगा कंपनीच्या रिमोटच्या प्लगसारखा, पण आतली वाटणी निराळी. अटारीच्या दांडीत गोळी झाडण्याचे बटण सहाव्या आणि आठव्या पिनेला जोडते. पुष्कळ नकली यंत्रांत सहाव्या पिनेवर पाच व्होल्ट आणि आठवीवर जमीन असते. म्हणजे ‘बसतो आहे ना प्लग’ म्हणून कोणी ती दांडी लावली आणि आनंदाने बटण दाबले, की यंत्राचे पाच व्होल्ट थेट जमिनीत जातात. प्लग बसणे आणि वस्तू जुळणे या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत.

तेव्हा एक स्वस्तसा मल्टिमीटर घ्यावा. जुना रिमोट काढून ठेवावा, यंत्रात एखादा खेळ लावून ते चालू करावे आणि त्याच्या सॉकेटमधील पिना मोजाव्यात. भिंतीतल्या विजेशी ज्याचा संबंध येतो तो अडॅप्टर मात्र उघडू नये. आपला व्यवहार पाच व्होल्टच्या बाजूशी आहे, तिथे झटक्याची भीती नाही. जमीन सापडते ती यंत्र बंद असताना: अडॅप्टरच्या सॉकेटच्या ऋण टोकाशी जी पिन जोडलेली असेल ती. मग यंत्र चालू करून जमिनीच्या सापेक्ष बाकीच्या पिना पाहाव्यात. लॅच बहुतेक वेळ शून्याजवळ असते, कारण तिचा इशारा फार थोडा वेळ टिकतो. उरलेल्या तिन्ही पाच व्होल्टच्या आसपास दिसतात, आणि इथे माणूस घोटाळ्यात पडतो. त्यावर उपाय असा: दहा किलोओहमचा एक रेझिस्टन्स घेऊन त्या पिनेपासून जमिनीला लावून पाहावा. जिचे व्होल्ट चांगलेच खाली येतात ती डेटा, कारण ती आतून दुबळ्या हाताने वर धरलेली असते. जिच्यात फारसा फरक पडत नाही त्या दोहोंपैकी एक पाच व्होल्टचा पुरवठा आणि दुसरी क्लॉक. पुरवठ्याची पिन जुन्या रिमोटच्या पाटीवर ओळखता येते, तिची पट्टी बहुधा सर्वांत रुंद असते. शिवाय यंत्र बंद करून आतल्या व्होल्टेज-नियामकाच्या बाहेरच्या पायाशी ती जोडलेली आहे की नाही तेही पाहता येते. इतके करूनही शंका उरली, तर पहिल्या चाचणीच्या वेळी आपल्या डेटाच्या तारेत तो एक किलोओहमचा रेझिस्टन्स ओळीत घालावा. तार चुकीच्या जागी लागली तरी त्याने दोन्ही बाजूंचे नुकसान टळते. लॅच आणि क्लॉक यांची अदलाबदल झाली तर काही जळत नाही. मारिओ नुसता वेड्यासारखा वागतो.

आता हल्लीच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना हे सारे सांगितले की ती म्हणतात, एवढे कशाला, आर्डुइनोची पाटी लावा आणि प्रोग्राम लिहा. तसे अवश्य करता येते. पण शंभर ओळी लिहून जे काम करवावयाचे ते ही एक आय.सी. एकही ओळ न लिहिता करते, आणि नवव्या इयत्तेतल्या मुलीला तिच्यात काय चालले आहे ते संपूर्ण समजते. संपूर्ण समजणारे यंत्र हातात येण्याचा प्रसंग आजकाल मुलांना फार थोड्या वेळा येतो. म्हणून पहिला रिमोट आय.सी.चा करावा, दुसरा हवा तसा.

बटणांपैकी ए आणि बी सोपी आहेत. दुकानात टॅक्ट स्विच या नावाची लहानशी चौकोनी बटणे मिळतात. ती दाबली की टिक्क असा आवाज होतो. रात्री घरातली माणसे झोपली असता तो फार मोठा वाटतो. बटणाची पट्टी दाबल्यावर क्षणभर थरथरते, त्यामुळे एका दाबात दोन दाब मोजले जातील अशी भीती काही जाणकार घालतात. ती इथे लागू नाही. थरथर काही सहस्रांश सेकंदांत विरते आणि यंत्राचा पुढचा प्रश्न वीस सहस्रांश सेकंदांनी येतो. तेवढ्यात सारे शांत झालेले असते. प्रत्यक्ष निन्टेंडोलाही बटणांनी त्रास दिला होता, बरे का. फॅमिकॉमच्या पहिल्या यंत्रांवर ए आणि बी ही चौकोनी, मऊ रबराची बटणे होती. ती झिजू आणि अडकू लागली, तेव्हा कंपनीने ती बदलून गोल आणि टणक केली.

दिशांची गोष्ट निराळी. चार बटणे चार दिशांना लावली की झाले, असे प्रथमदर्शनी वाटते. पण चार सुट्या बटणांवर डावे आणि उजवे एकाच वेळी दाबता येते. मूळ खेळ लिहिणाऱ्यांनी असे कधी होणारच नाही असे धरले होते, आणि काही खेळ या परस्परविरोधी आज्ञेने पार गोंधळून जातात. निन्टेंडोतील गुनपेई योकोई यांनी १९८२ साली डाँकी काँगच्या हातात धरावयाच्या खेळासाठी अधिकाच्या चिन्हासारखी जी फुली योजली, तिचे मर्म इथे आहे. फुलीच्या पोटात मधोमध एक उंचवटा असतो. त्यावर ती तराजूच्या दांडीसारखी डुलते. डावे टोक खाली गेले की उजवे उचलले जातेच. चूक करण्याची वाटच अशी बुजवून टाकली आहे. आणि अंगठा न उचलता एका दिशेवरून दुसरीकडे नुसता कलवता येतो, डोळे पडद्यावरून काढावे लागत नाहीत.

घरी ही फुली करणे हेच कसबाचे काम. तीन मिलिमीटरच्या प्लायवूडमधून अंगठ्याच्या दीडपट लांबीची फुली कापावी, कडा कानशीने आणि पॉलिश कागदाने गोल कराव्यात. चार टॅक्ट स्विच फुलीच्या चार टोकांखाली येतील असे बसवावेत. मधल्या टेकूसाठी गोल डोक्याचा स्क्रू पाटीत वरून बसवावा. त्याची उंची फिरवून कमी-जास्त करता येते, हा त्याचा मोठा गुण. स्क्रूचे डोके स्विचांच्या माथ्याहून नखभर उंच असावे. फार उंच ठेवले तर स्विच दाबलेच जात नाहीत. ठेंगणे ठेवले तर चारी एकदम दाबले जातात. पेटीच्या झाकणातले भोक फुलीपेक्षा किंचित मोठे हवे, पण इतके नको की फुली त्यात गोल फिरेल. या किंचितपणाला दोन संध्याकाळी जातात. पेटी म्हणून साबणाची प्लॅस्टिकची डबी उत्तम. तिच्या कडा हाताला रुतत नाहीत.

इतके सगळे करून जो रिमोट होतो तो दुकानातल्यापेक्षा सुबक नसतो. बाजारात तयार रिमोट मिळाला, त्याचा प्लग आणि तारा जुळल्या, आणि आपला हात चारचौघांसारखा असला, तर तो खुशाल विकत घ्यावा. परंतु हात चारचौघांसारखा नसेल तर?

आमच्या थोरल्या बंधूंना चार वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. बोलणे-चालणे पुष्कळसे परत आले. उजव्या हाताची मूठ वळते, दंड हलतो, पण अंगठा स्वतंत्रपणे हलत नाही. दिवाळीत नातवाने माळ्यावरून ते जुने यंत्र खाली काढले, तेव्हा त्याचा एक रिमोट मेलेला होता आणि दुसरा चालू होता. तो चालू असलेला आजोबांच्या काही कामाचा नव्हता. डावा अंगठा दिशा सांभाळी, पण ए आणि बी उजव्या अंगठ्याच्या वाट्याची. नातू एकटाच खेळे आणि आजोबा शेजारी बसून पाहत.

त्यांच्यासाठी जो रिमोट केला तो मांडीवर ठेवावयाच्या लाकडी पाटावर आहे. डावीकडे फुली, नेहमीसारखी. उजवीकडे ए साठी तळहाताएवढे बटण, ते मुठीने दाबावयाचे. पहिल्यांदा बसवलेल्या बटणाची स्प्रिंग कडक होती. मारिओच्या खेळात ए जितके जास्त वेळ दाबून धरावे तितकी उडी उंच जाते, आणि कडक स्प्रिंगवर हात तेवढा वेळ टिकत नसे. म्हणून बॉलपेनची नरम स्प्रिंग कापून घातली. बी चा प्रश्न अधिक अवघड होता, कारण धावण्यासाठी ते सतत दाबून धरावे लागते. तिथे दिव्याच्या बटणासारखा साधा खटक्याचा स्विच लावला. एकदा खाली केला की मारिओ धावतच राहतो. आणि मध्येच आगीचा गोळा टाकावयाचा झाला, तर खटका वर करून डाव्या पायाखालचे दुसरे बटण दाबावयाचे. ते त्याच बी च्या पायाला समांतर जोडलेले आहे. एका पायाला दोन, तीन, हवी तितकी बटणे समांतर जोडता येतात. बटण हाताने दाबले, पायाने दाबले की कोपराने, हे विचारण्याची यंत्राला सोयच नाही. ते आपले आठ प्रश्न विचारते.

ही कल्पना आमच्या घरात प्रथम निघाली असे मुळीच नव्हे. खुद्द निन्टेंडोने १९८९ साली हात न वापरता येणाऱ्यांसाठी छातीवर बांधावयाचा रिमोट काढला होता. त्याची दांडी हनुवटीने हलवावयाची, आणि ए व बी साठी एका नळीतून फुंकावयाचे किंवा ओढावयाचे. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली आपल्या खेळयंत्रासाठी काढलेल्या रिमोटला मागच्या बाजूस एकोणीस सॉकेट आहेत, प्रत्येकात बाहेरचे कोणतेही बटण लावता येते. मोठ्या कंपनीनेही शेवटी काय केले, तर बटणांच्या जागा मोकळ्या सोडल्या आणि हात ज्याचा त्याने ठरवावा असे म्हटले. ते बटण बसवण्याचे काम त्या रिमोटच्या मालकाच्या घरीच होते, कारण त्याचा हात कसा वळतो हे क्योतोला किंवा अमेरिकेला कळणे शक्य नाही.

बंधू आता नातवाबरोबर खेळतात. बहुधा हरतात, आणि रिमोटला दोष देता येत नाही याचे त्यांना थोडेसे वाईटही वाटते.

तार पेटीत घेताना आतल्या बाजूस तिला एक गाठ मारावी, म्हणजे ओढ डाखावर न येता गाठीवर येते. भोकाच्या कडेला सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचा तुकडा बसवला की तार दुमडत नाही. आणि झाकण लावण्यापूर्वी कोणत्या रंगाची तार कोणत्या कामाची, आय.सी.चा कोणता पाय कोणत्या बटणाचा, हे एका कागदावर लिहून तो झाकणाच्या आत चिकटवावा. पेन्सिलीनेच लिहावे, शाई पावसाळ्यात फुटते.